शाळेचे हस्तलिखित : मुलांनी लिहिलेली एक वही



मध्यंतरी अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने त्याच्या मुलीच्या शाळेचे 'ईयरबुक' मला फोनवर दाखवले. जाडजूड, गुळगुळीत, रंगीत पुस्तक. शाळेतल्या प्रत्येक मुलाचा फोटो आणि खाली नाव, खेळांचे संघ, नाटक, वाद्यवृंद यांची पाने, आणि शेवटी मित्रमैत्रिणींनी एकमेकांना चार ओळी लिहून देण्यासाठी कोरी जागा. पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळं मुलांनीच केलंय. एक शिक्षिका फक्त देखरेखीला होत्या. तुमच्या वेळी असलं काही नसेल."

मी म्हणालो, "होतं की रे. फक्त एकच प्रत असायची."

ती एक प्रत म्हणजे शाळेचे हस्तलिखित. माझ्या पिढीच्या बहुतेकांना हा शब्द ऐकताच पुठ्ठ्याचा वास आणि शाईने माखलेली बोटे आठवतील. परंतु आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील मराठी शाळांत आज शिकणाऱ्या मुलांना हा प्रकार पाहायला मिळेलच असे नाही. म्हणून हस्तलिखित म्हणजे काय, ते मुले आणि शिक्षक मिळून कसे करतात, आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना त्याची गरज जास्त का आहे, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो. मी शिक्षक नाही. आयुष्य बँकेत गेले. पण निवृत्तीनंतर एका शाळेत या कामाला हातभार लावतो आहे, त्या अनुभवावर हे लिहीत आहे.

हस्तलिखित म्हणजे काय?

छापखान्यात न जाता, मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहून, चित्रे काढून, बांधून तयार केलेला शाळेचा वार्षिक अंक म्हणजे हस्तलिखित. त्यात निबंध, कविता, कोडी, सहलीचे वर्णन, मुलाखती, वर्षभरातील बक्षिसे, वर्गाचा फोटो असे सगळे असते. आपल्या भागातील अंकात मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी असे चार विभाग करण्याची पद्धत होती. अंक स्नेहसंमेलनात किंवा 26 जानेवारीला प्रकाशित व्हायचा आणि नंतर ग्रंथालयाच्या कपाटात जायचा.

मराठी शाळांत हाताने लिहिलेल्या अंकांची परंपरा जुनी आहे. सर्वांना माहीत असलेले उदाहरण साने गुरुजींचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते 1924 ते 1930 या काळात शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढत. बातम्या, गोष्टी, विचार असे त्यात सर्व काही असे. पुढे 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे छापील मासिकही सुरू केले. गुरुजींचे दैनिक हे शिक्षकाने मुलांसाठी लिहिलेले होते. शाळेच्या हस्तलिखितात लिहिणारी मुले असतात आणि शिक्षक मागे उभे असतात. पण सकाळी एक कागद ठेवायचा आणि सगळ्यांनी तो गोळा होऊन वाचायचा, ही त्यामागची गंमत तीच.

आपल्या भागात याचे महत्त्व वेगळे का?

हैदराबाद संस्थानाच्या काळात सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. अशा काळात लोकांनी स्वतः वर्गणी काढून शाळा चालवल्या. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय 1907 सालचे. घरची भाषा शाळेत लिहायला मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले. नंतर 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. सोयरीक तिकडे, शेत इकडे, अशी कित्येक घरांची स्थिती झाली. आपण येथेच राहिलो, रुळलो, कन्नड शिकलो. त्यात कोणाविषयी तक्रार नाही. ज्या गाणगापुरावरचा गुरुचरित्र हा ग्रंथ आपण सप्ताहात वाचतो, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर हे मूळचे कन्नड भाषिक. दोन्ही भाषांचे येणे-जाणे येथे जुनेच आहे.

मात्र या विभागणीचा एक परिणाम असा, की आपल्या मुलांची मराठी कोठेच छापली जात नाही. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे, मासिके त्यांच्या भागातले लिहितात. आपल्या भागातील मुलगा जे बोलतो, ज्यात चार शब्द कन्नडचे, दोन दखनीचे असतात, ते उमटण्याची जागा म्हणजे शाळेचे हस्तलिखित. शाळेतील हजेरीपट, गुणपत्रक, दाखला या सर्व नोंदी मोठी माणसे मुलांविषयी करतात. मुलांनी स्वतः केलेली नोंद याच एका वहीत सापडते.

आमचे 1973-74 चे हस्तलिखित

मी भालकी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत नववीला होतो. आमच्या मराठीच्या गुरुजींनी पाच जणांचे संपादक मंडळ केले. त्यात माझे अक्षर बरे म्हणून माझी निवड झाली. चित्रकलेच्या सरांनी मुखपृष्ठ ऑक्टोबरातच रंगवून ठेवले होते. त्यावर शाळेच्या नावाखाली वळणदार अक्षरात 'म्हैसूर राज्य' असे लिहिले होते. आणि 1 नोव्हेंबर 1973 ला राज्याचे नाव 'कर्नाटक' झाले! सर दोन दिवस हळहळले. शेवटी त्यांनी त्याच रंगाच्या कागदाची पट्टी कापून 'कर्नाटक राज्य' असे लिहून वर चिकटवली. उजेडात धरले की खालचे नाव दिसायचे. आम्ही मुले ते मुद्दाम एकमेकांना दाखवत असू.

दुसरी आठवण येळवशीची. आदल्या वर्षी, म्हणजे 1972 ला, मोठा दुष्काळ पडला होता. 73 ला पाऊस बरा झाला आणि मार्गशीर्ष अमावास्येला पुन्हा हिरव्या शेतात येळवस साजरी झाली. आपल्याकडच्या वाचकांना येळवस सांगायला नको. शेतात कडब्याची कोप, आत मांडलेले पांडव, भज्जी, आंबिल, उंडे आणि बांधावर येईल त्याला जेवणाचा आग्रह. माझ्या वर्गातल्या एका मित्राने त्यावर दीड पान लिहून आणले. लेख घेण्याची मुदत संपली होती. शिवाय आम्हा संपादकांना त्याची भाषा अगदीच गावंढळ वाटली. आम्ही 'येळवस' खोडून 'वेळा अमावास्या' केले, 'कोप' खोडून 'झोपडी' केले, आणि लेख गुरुजींकडे नेला.

गुरुजींनी तो वाचला आणि विचारले, "हे शब्द कुणी बदलले?"

आम्ही अभिमानाने हात वर केले.

ते म्हणाले, "तुमच्या घरी काय म्हणतात? प्रत्येकाने उद्या घरी विचारून या."

दुसऱ्या दिवशी कोणी येळवस आणले, कोणी येळामवस, कोणी वेळ अमावास्या. कन्नडच्या सरांनी सांगितले की त्यांच्याकडे एळ्ळ अमावास्या म्हणतात, आणि एळ्ळु म्हणजे तीळ. गुरुजींनी हे सगळे प्रकार लेखाखाली चौकटीत लिहायला लावले आणि लेखात मित्राचे मूळचे शब्द परत घातले. ते एवढेच बोलले, "झोपडीत माणसं राहतात. कोपीत लक्ष्मी बसते. शब्द बदलला की वस्तू बदलते."

मित्राचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते मला आजही दिसते. तोवर वर्गात तो फारसा बोलत नसे.

मुलांचे काम कोणते, शिक्षकांचे कोणते?

आज शाळेत मुलांबरोबर बसताना मी गुरुजींचीच पद्धत वापरतो. चुकांचे तीन भाग करावेत.

पहिला भाग शुद्धलेखनाचा. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हे ही शिक्षकांनी जरूर तपासावीत. 1962 साली ठरलेले नियम आपल्या शाळांनाही लागू आहेत. सीमेवर राहतो म्हणून त्यात सवलत मागू नये.

दुसरा भाग शब्दांचा. घरातला, शेतातला शब्द बदलू नये. अर्थ कळणार नाही असे वाटले तर खाली एका ओळीत अर्थ द्यावा.

तिसरा भाग मताचा. त्याला हातच लावू नये. सहल कंटाळवाणी झाली असे मुलीने लिहिले तर ते तसेच राहू द्यावे. फार तर "का कंटाळलीस ते लिही" एवढे सांगावे.

लाल शाईची खूण फक्त कच्च्या प्रतीवर करावी आणि दुरुस्ती मुलानेच करावी. शिक्षकांनी स्वतः लिहून दिलेला लेख अंकात लगेच ओळखू येतो. तो सर्वांत शुद्ध असतो आणि कोणीही तो पुन्हा वाचत नाही.

अलीकडे एक नवी अडचण आहे. मुले मोबाइलवरून निबंध उतरवून आणतात. 'माझा आवडता ऋतू' असा विषय दिला की दहा निबंध सारखेच येतात. त्यावर उपाय म्हणजे विषयच असा द्यावा की तो मोबाइलवर सापडू नये. आपल्या गावातील विहिरींची नावे, आजी स्वयंपाकघरातील कोणत्या वस्तूला काय म्हणते, आठवडी बाजारात कोण कोणत्या भाषेत भाव करतो, असे विषय द्यावेत. आमच्याकडे तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीने घरच्या लमाणी बोलीतले शब्द एका बाजूला आणि मराठी-कन्नड शब्द दुसऱ्या बाजूला, असे पान केले. अंक हातात आला की सगळे आधी तेच पान उघडतात.

वर्षभराचे वेळापत्रक

आपल्याकडे शाळा जूनच्या सुमारास सुरू होतात आणि फेब्रुवारीपासून दहावीच्या परीक्षेची धावपळ असते. म्हणून अंक 26 जानेवारीला तयार हवा. ते धरून कामाची वाटणी अशी करता येते.

जुलै : संपादक मंडळ नेमावे. आठवीची दोन आणि नववीची तीन मुले असावीत, म्हणजे पुढच्या वर्षी काम माहीत असलेली मुले शाळेत राहतात. दहावीच्या मुलांनी लेख द्यावेत, पण त्यांच्यावर कामाचा भार टाकू नये.

ऑगस्ट-सप्टेंबर : विषय जाहीर करावेत. 15 ऑगस्ट आणि 17 सप्टेंबरच्या कार्यक्रमांची नोंद त्याच आठवड्यात लिहून घ्यावी. डिसेंबरात आठवून लिहिलेल्या वृत्तांतात पाहुण्यांचे नावसुद्धा चुकते. बँकेत आम्ही म्हणायचो, की ज्या दिवसाचा व्यवहार त्या दिवशीच वहीत गेला पाहिजे. हेही तसेच.

दसऱ्याची सुट्टी : मुलाखती आणि माहिती गोळा करण्यासाठी हा उत्तम काळ. मामाच्या गावी गेलेला मुलगा काहीतरी घेऊन येतोच.

नोव्हेंबर : कच्च्या प्रती दोनदा तपासाव्यात. आधी संपादक मुलांनी आणि मग भाषाशिक्षकांनी. कन्नड विभाग कन्नडच्या शिक्षकांकडे द्यावा.

डिसेंबर : पक्की प्रत, चित्रे, शीर्षके. येळवशीसाठी एक पान मोकळे ठेवावे, कारण ती बहुधा डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत येते.

जानेवारी : पानांना आकडे, अनुक्रमणिका, बांधणी.

कागद, शाई आणि खर्च

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. लेजर पेपर घ्यावा. तो जाड असतो आणि टिकतो. पानाच्या एकाच बाजूला लिहावे. डावीकडे दीड इंच जागा सोडावी. ही सूचना मुले हमखास विसरतात आणि मग प्रत्येक ओळीचा पहिला शब्द शिवणीत जातो. स्केचपेनने मजकूर लिहू नये, कारण पाण्याचा थेंब पडला की ते पसरते. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि स्टेपलरच्या पिना गंजतात. फोटो साध्या खळीने चिकटवावेत आणि पाने दोऱ्याने शिवून घ्यावीत. कपाटात डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला की कसर लागत नाही.

वर्गाच्या फोटोखाली 'उभे, डावीकडून' असे लिहून प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि गाव लिहावे. आज सगळे ओळखतात म्हणून नावे लिहायचा कंटाळा केला जातो, आणि वीस वर्षांनी निम्मे चेहरे अनोळखी होतात.

जमाखर्च मुलांकडेच द्यावा. गणिताच्या शिक्षकांनी फक्त महिन्याला तपासावा. कागद, रंग, पुठ्ठा, बांधणी यांच्या पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात आणि अंकाच्या शेवटच्या पानावर हिशेब लिहावा. दामाजीपंतांच्या कथेत प्रत्यक्ष विठोबानेसुद्धा आपल्या बिदरच्या दरबारात रक्कम भरून पावती घेतली, मग आठवीतल्या मुलांनी घ्यायला हरकत नसावी. मी पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, पण पहिली शिल्लक जुळवली ती हस्तलिखिताच्या त्या शेवटच्या पानावर. पंचाहत्तर पैसे लागत नव्हते. दोन दिवसांनी कळले की चित्रकलेच्या सरांनी रंगाची एक डबी स्वतःच्या पैशाने आणली होती आणि पावती मात्र आमच्या पाकिटात टाकली होती.

छापील की हाताने?

आता संगणकावर अंक करणे सोपे झाले आहे, मग हाताने कशाला, असे पालक विचारतात. छापायला माझा विरोध नाही. आमच्या लहानपणी जवळच्या छापखान्यात मराठी जुळवणारा नसे आणि मजकूर उदगीर, लातूर किंवा सोलापूरला पाठवावा लागे. आज शाळेतच टंकलेखन होते. पण टंकलेखन करणारी दोन मुले असतात आणि हस्तलिखितात तीस मुलांची अक्षरे असतात. ज्याला लिहिता येत नाही तो चित्र काढतो, ज्याला चित्र येत नाही तो रेघा मारतो, खळ शिजवतो. प्रत्येकाचा हात लागतो.

माझ्या मते दोन्ही करावे. अंक हाताने लिहावा आणि प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून त्याची दुसरी प्रत ठेवावी. हे का, ते आता सांगतो.

एक पान उरले

निवृत्तीनंतर आमच्या वर्गाचे स्नेहसंमेलन ठरले. मी उत्साहाने शाळेत गेलो आणि 73-74 चा अंक मागितला. कळले की शाळेची इमारत बदलली तेव्हा जुनी कपाटे रिकामी केली आणि जुने कागद रद्दीत गेले. आमचा अंक त्यातच गेला. त्याआधीचे आणि नंतरचेही गेले. कोणी मुद्दाम केले नव्हते. हजेरीपट आणि दाखल्यांची रजिस्टरे जपायची असतात, हे सर्वांना माहीत होते. मुलांच्या वह्या जपायच्या असतात, हे कोणाच्या यादीत नव्हते.

संमेलनाला येळवशीवर लिहिणाऱ्या त्या मित्राचा मुलगा आला होता. मित्र दोन वर्षांपूर्वीच वारला होता. मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. मित्राने पक्की प्रत लिहिताना शेवटच्या ओळीवर शाई सांडली होती म्हणून गुरुजींनी त्याला ते पान पुन्हा लिहायला लावले होते. ते खराब झालेले पान त्याने जपून ठेवले होते. अंकातले चांगले पान रद्दीत गेले, आणि डाग पडलेले पान पन्नास वर्षे घरात राहिले.

मुलगा म्हणाला, "अप्पांनी आयुष्यात लिहिलेलं एवढंच आहे. बाकी सगळ्या सह्या."

मी त्या पानाचा फोटो काढून घेतला. 'कोप' हा शब्द त्यात तीन वेळा आला आहे.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या करतो. आपल्या ओळखीच्या मराठी शाळेत हस्तलिखित निघत नसेल तर यंदा निघावे यासाठी मुख्याध्यापकांना भेटा. खर्च थोडा असतो, वेळ मात्र द्यावा लागतो, आणि आम्हा निवृत्तांकडे वेळच असतो. दुसरे, कोणाच्या घरी जुन्या अंकाचे एखादे पान, मुखपृष्ठ किंवा वर्गाचा फोटो असेल तर त्याचा फोटो काढून एक प्रत त्या शाळेला द्या. मूळ कागद आपल्याजवळच जपून ठेवा. मागे आजच्या तारखेसह कोण, कोणता वर्ग, कोणते गाव एवढे लिहा.

डाग पडलेला असला तरी चालेल.